एका वेळी एकच माणूस

त्याला खरं नाव होतं, पण ते आईला आणि वीजबिलाला ठाऊक. बाकी सगळे त्याला हनुवटी म्हणत. दोष त्याचाच होता म्हणा. दिवसभर तो दुसरं काही बोलायचाच नाही. "हनुवटी जरा खाली. खांदे सरळ. तोंड मिटा. हसू नका." की बटण दाबलं, की पुढचं गिऱ्हाईक. परवाना, परीक्षेचा अर्ज, नोकरीचं ओळखपत्र, ज्याला म्हणून आपला चेहरा कुठल्याशा कागदावर चिकटवायचा असे, तो हनुवटीसमोर येऊन बसे आणि त्याची ही पोपटपंची ऐकून जाई.

दुकान थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं, म्हणजे दाजींचं. पुढे काउंटर, छपाईचं यंत्र, भिंतीवर विकायला टांगलेल्या रिकाम्या फ्रेमा, आणि गल्ल्यावर दाजी. मागे एक खोली. खोलीला खिडकी नाही. एका बाजूला पांढरी भिंत, भिंतीपुढे स्टूल, स्टुलासमोर स्टँडवर कॅमेरा, आणि कॅमेऱ्यामागे हनुवटी. फार पूर्वी एका गिऱ्हाइकाच्या पिशवीचा धक्का लागून तो स्टँड आडवा झाला होता. दाजींनी त्याचा असा धसका घेतला, की दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावून स्टँडचे पाय सिमेंटात पुरले, स्टूल जमिनीला बोल्टांनी जखडलं आणि कॅमेऱ्याच्या सगळ्या चकत्यांवर चिकटपट्टी मारून टाकली.

"आता चुकायला जागाच नाही," दाजी हात झटकत म्हणाले होते.

खरंच नव्हती. सोळा वर्षं हनुवटीने तो कॅमेरा उचलला नव्हता, एकही चकती फिरवली नव्हती. वायरीच्या टोकाला लोंबणारं बटण दाबायचं, एवढंच काय ते. दाजी माणूस वाईट नव्हता. हनुवटीला कुणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा त्यांनीच त्याला कामाला लावलं, आणि पगार कधी एक दिवस चुकवला नाही. म्हणून तर पंचाईत. वाईट माणसाची नोकरी लाथ मारून सोडता येते.

हल्ली मात्र त्या खोलीत त्याचा जीव घुसमटायचा. मधूनच तो दार उघडून उंबऱ्यात उभा राही. की लगेच दाजींची हाक, "अरे दार लाव, उजेड येतोय आत!" तो दार लावून घेई. संध्याकाळी घरी निघाला की रस्त्यातली माणसं त्याला अर्धीच दिसायची, छातीपासून वर. खाली पाय असतात, ते कुठेतरी निघालेले असतात, हे त्याला मुद्दाम आठवावं लागे. आपणही एक दिवस असेच भिंतीला चिकटून जाऊ, अशी भीती त्याला वाटायची. ही भीती त्याने बायकोलाच तेवढी सांगितली होती.

गिऱ्हाईक नसलं की खोलीतल्या जमिनीवर बसून तो मोबाइलवर कॅमेरे बघे. कुठला डीएसएलआर अंधारात बरा चालतो, कुठल्याची बॅटरी लवकर मान टाकते, कुठल्याच्या लेन्समध्ये बुरशी धरते, सगळं त्याला तोंडपाठ. काठावर बसून पोहायला शिकणाऱ्या माणसासारखं होतं ते. अंगाला पाण्याचा थेंब लागलेला नव्हता.

अशात एक दिवस लग्नवाला आला. हा लग्नांचे फोटो काढायचा आणि छापायला दाजींकडे टाकायचा. दाजी फोनवर बोलतायत असं बघून तो मागच्या खोलीत डोकावला.

"काय रे हनुवटी, अजून जिवंत आहेस का या डबीत?"

"आहे की. श्वास घेतो अधूनमधून."

"माझा जोडीदार गेला सोडून. दुसरा माणूस हवाय मला. कॅमेरा तुझा, काम माझं. पुढच्या महिन्याअखेर रविवारी एक लग्न आहे. जमलं तर कायमचा ये." आणि दाजींचा फोन संपला तसा तो साळसूदपणे बाहेर जाऊन छपाईचा भाव विचारू लागला.

त्या दिवशी हनुवटीने तीन जणांना तोंड मिटायला सांगितलंच नाही. तिन्ही फोटो परत आले.

घरी त्याने बायकोला सांगितलं. ती शिवणकाम करायची. मशीन पायाने चालवायची, गुडघे धरायचे, म्हणून मशीनला मोटर बसवायला तिने बिस्किटांच्या डब्यात पैसे साठवत आणले होते. ती उठली, फळीवरून डबा काढला आणि त्याच्यासमोर ठेवला.

"अगं, मोटरचे आहेत ना हे?"

"असू देत. इतकी वर्षं पायाने हाणतेय, अजून हाणीन थोडे दिवस. तुम्ही आधी त्या खोलीतून बाहेर या. संध्याकाळी तुमच्या तोंडाकडे बघवत नाही मला."

हनुवटीने उगाच डब्याचं झाकण दोनदा उघडलं, दोनदा लावलं.

नवा कॅमेरा त्या डब्यात बसणारा नव्हता, हे उघडच होतं. जुना घ्यायचा, पण कुठला? एक दिवस तो म्हणे, बॉडी जुनी चालेल, पैसा लेन्सवर घालावा. दुसऱ्या दिवशी म्हणे, नको, बॉडीनेच दगा दिला तर लेन्स काय चाटायची? एकाचं शटर लाखभर वेळा पडून गेलेलं, एकाचा पडदा फुटका, एक झकास होता तर त्याचा मालक भाव सोडेना. जेवताना कॅमेरा, झोपताना कॅमेरा. आईने तर विचारलं, "अरे, हा डीएसएलआर कोण? त्याला एकदा घरी तरी आण."

शेवटी बायकोने हात टेकले. "माझ्याशी लग्न ठरवायला तुम्हाला दहा मिनिटं लागली होती. त्या डबड्याला महिना?"

"तेव्हा माझ्यासमोर दुसरं मॉडेल नव्हतं," हनुवटी म्हणाला, आणि पाठीत एक धपाटा खाल्ला.

जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान एका जिन्याच्या टोकाला होतं. दुकानदार कपाळावर भिंग चढवून बसलेला. हनुवटीने बजेट सांगितलं तेव्हा त्याने तोंड वाकडं केलं नाही, हे विशेष. त्याने फडताळातून एक बॉडी काढली. हनुवटीने विजेरी मारून आतबाहेर पाहिलं, शटर किती पडलंय ते तपासलं, कानाशी नेऊन खटका ऐकला. बॉडी चोख होती. घोडं अडलं ते लेन्सवर. उरलेल्या पैशांत दोनपैकी एकच येत होती. एक झूम. जवळचं, लांबचं, रुंद, अरुंद, सगळं घेणारी, पण प्लॅस्टिकची, कडी ढिली झालेली, काच अंधारात जराशी मंद. दुसरी पन्नासची, म्हणजे पन्नास मिलिमीटरची. छोटी, लख्ख काचेची, पण ना पुढे सरकणार ना मागे. जे दिसेल ते दिसेल.

दुकानदाराने पन्नासची लावून कॅमेरा त्याच्या हातात दिला. लेन्स लावलेला अख्खा कॅमेरा हनुवटीने आयुष्यात पहिल्यांदाच हातात घेतला. केवढं ते वजन! त्याने डोळा लावला. समोर दुकानदाराचं तोंड होतं, कपाळावरचं भिंग, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, न दाढी केलेली हनुवटी. मागचं सगळं फडताळ कुठल्या कुठे विरघळून गेलं होतं. भिंतच नव्हती मागे!

"कशाचे काढणार फोटो?" दुकानदाराने विचारलं.

"माणसांचे."

"एका वेळी किती?"

"किती म्हणजे? एकाच माणसाचा."

दुकानदार क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. मग खांदे उडवून म्हणाला, "मग ही घ्या, दादा. एका माणसाला हिच्यासारखी दुसरी नाही."

आता लग्नात निदान दोन माणसं असतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. हनुवटी काही बुद्दू नव्हता. त्या विषयावर त्याने महिनाभर डोळे फोडले होते, कुठली लेन्स किती रुंद बघते ते तो झोपेतही सांगू शकला असता. पण सोळा वर्षं त्याच्यासमोर एका वेळी एकच माणूस बसला होता. फोटो म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे एकच मुंडकं उभं राही. कुणी प्रश्न विचारला आणि त्याच्या तोंडून खरं तेच निघून गेलं. त्याने आनंदाने पैसे मोजले आणि जिना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरला.

घरी पोचला तर बायको मशीनवर होती. "तशीच बस," तो ओरडला. "हलू नकोस."

तिने मान वर केली. "हसू का?" तिला त्याचे ते दिवसभराचे मंत्र पाठ होते, मुद्दाम विचारलं तिने.

"हस की! तुला कोण अडवतंय?"

आणि ती हसली. आधी उगाच, मग त्याचा तो गंभीर अवतार बघून खरोखर, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हनुवटीने बटण दाबलं. पडद्यावर तिचा चेहरा आला तेव्हा आई, मुलगी, बायको सगळ्या त्याच्या खांद्यावरून वाकल्या. बायको म्हणाली, "मी अशी दिसते?"

"अशीच दिसतेस," तो म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढं सरळ तो तिच्याशी कधी बोलला नव्हता.

"आता सगळ्यांचा एकत्र काढ," आई म्हणाली आणि पलंगावर ऐसपैस बसली. तिच्या एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला मुलगी. हनुवटीने डोळा लावला. चौकटीत फक्त आई. तो एक पाऊल मागे गेला. आई आणि मुलीचा एक कान. आणखी मागे. पाठीला कपाटाची कडी टोचली. आई, मुलगी, बायकोचं अर्धं नाक. त्याने पोट आत ओढलं, जणू त्याने जागा वाढणार होती. मग दार उघडून तो बोळात गेला. बोळ दोन हातांचा. पाठ समोरच्या दाराला लागली, तसं दार उघडलं आणि शेजारीण म्हणाली, "या ना आत! किती मागे मागे जाताय?"

हनुवटी उलट्या पावलांनी तिच्या स्वयंपाकघरात शिरला. शेगडीला टेकला तेव्हा कुठे त्याच्या घरची तिन्ही माणसं एकत्र दिसली. लांब, दाराच्या चौकटीत अडकलेली, आणि पुढे शेजारणीच्या चपला. बायका हसून लोळत होत्या. दुकानदार काय विचारत होता ते हनुवटीला आत्ता कळलं.

"लग्नाचा हॉल मोठा असतो," बायको त्याच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली. "तिथे हवं तेवढं मागे जाता येईल."

हॉल मोठा होता. पण तो रिकामा थोडाच असतो! रविवारी लग्नवाल्याने त्याला सांगितलं, "मुलीकडच्या सगळ्यांचा एक ग्रुप घे, मी तोवर दारातलं स्वागत बघतो." व्यासपीठावर वीसेक माणसं दाटीवाटीने उभी राहिली. हनुवटी मागे सरकला. खुर्च्या आल्या. "जरा जाऊ द्या, जरा जाऊ द्या," करत तो खुर्च्यांतून मागे, आणखी मागे, पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेला. तिथून सगळी मावली. पण आता त्याच्या आणि त्यांच्या मध्ये अर्धं लग्न होतं. कुणाचं टक्कल, कुणाचा अंबाडा, कुणाच्या खांद्यावरचं पोर. सगळी डोकी बाजूला होईपर्यंत व्यासपीठावरची माणसं कंटाळून जेवायला निघून गेली.

लग्नवाला तरातरा आला. "कुठली लेन्स लावलीयस? पन्नासची? बरं, दुसरी काढ."

"दुसरी नाही."

लग्नवाल्याने डोक्यावर हात मारला. पण माणूस मुरलेला, चिडून काम होत नसतं हे जाणणारा. "बरं. मग तू एकेकाचे घे. हसते-खेळते चेहरे. तुझ्या लेन्सला तेच तर जमतं. सुट आता."

हनुवटीचा जीव भांड्यात पडला. एकेकाचे! हे तर त्याचंच राज्य. कोपऱ्यात एक जाडसे काका मांडीवर थाप मारून हसत होते. हनुवटीने कॅमेरा उचलला. काकांनी त्याला पाहिलं.

"अरे, हनुवटी!" ते म्हणाले. आणि हसणं गिळून टाकून खांदे सरळ केले, तोंड मिटलं, हनुवटी जरा खाली घेतली.

मग त्यांच्या शेजारच्या बाई. मग मुलाचा भाऊ. गावातलं कोण त्या स्टुलावर बसलं नव्हतं? कॅमेऱ्यामागचा तो चेहरा दिसला, की लोक आपसूक केस कानामागे घ्यायचे आणि दगड व्हायचे. जे परगावचे होते, त्यांना हनुवटीने स्वतःच्या तोंडाने दगड केलं. नकळत शब्द बाहेर पडायचे. शेवटी त्याने जीभ दातांखाली धरली. तरी उपयोग नाही. पाय आपोआप बरोबर तेवढ्याच अंतरावर जाऊन थांबत होते, अगदी समोर, अगदी नाकासमोर. नवरी मैत्रिणीच्या कानात काहीतरी सांगून खिदळत होती. गेल्याच महिन्यात ती परवान्याच्या फोटोला आली होती. तिची नजर हनुवटीवर गेली आणि तिच्या चेहऱ्यावरून लग्न पुसून गेलं.

संध्याकाळी लग्नवाला एकेक फोटो पुढे सरकवत होता. सरकवता सरकवता त्याचा अंगठा मंदावला.

"काच झकास आहे. उजेडही बरोबर धरलायस," तो म्हणाला. "पण हे लग्न आहे की तुरुंगातली नोंद?"

"मी झूम घेतो. थोडे पैसे साठले की बदलून आणतो."

"लेन्स बदलता येते रे," लग्नवाला म्हणाला. त्याला बोलणं जड जात होतं. "तुला बघून माणसं गप्प होतात, त्याला मी काय करू?" त्याने दिवसाचे पैसे पुरते हातात ठेवले आणि खांद्यावर थोपटलं. "सराव कर काही महिने. मग बघू." हनुवटीला ते 'मग बघू' चांगलं ओळखता येत होतं. दाजी उधारीच्या गिऱ्हाइकाला तेच म्हणायचे.

सोमवारी दुकानासमोर रांग. कुठल्याशा परीक्षेचे अर्ज निघाले होते. आणि नेमका दाजींच्या कॅमेऱ्याने त्याच दिवशी राम म्हटला. बटण दाबलं की आत नुसती कुरकुर. दाजींनी फुंकर मारली, बॅटरी काढून घातली, दोन चापट्या दिल्या. मग ते हनुवटीकडे वळले.

"तू घेतलायस म्हणे एक?"

हनुवटीने नुसती मान हलवली.

"अरे, चोरी केल्यासारखा काय बघतोस? चांगलं केलंस. आज तेवढा आण. फुकट नको मला. महिन्याचं भाडं धरून पगारात घालतो. तुझ्या बायकोची मोटर चार महिन्यांत येईल."

मोटरचंही दाजींना ठाऊक होतं. बहिणीला सांगितलेलं कुठे राहतं? रांगेतल्या एकाने दारावर टकटक केली. हनुवटीने घरी फोन लावला.

बायको कॅमेरा दुपट्यात गुंडाळून, छातीशी धरून घेऊन आली. दाजी पाना शोधायला पुढे गेले तेव्हा तिने हळूच विचारलं, "यासाठी घेतला होता का आपण?"

"दोन दिवसांचा प्रश्न आहे," तो म्हणाला. "त्यांचा दुरुस्त होईपर्यंत."

दाजींनी जुना कॅमेरा उतरवला, नवा चढवला आणि पान्याने करकचून आवळला. डोळा लावून पाहिलं आणि चकितच झाले. "अरे वा! मापाचा आहे की रे! अंगावर शिवून घेतल्यासारखा." त्यांनी हनुवटीला बघायला लावलं. खरं होतं. डोक्यावर दोन बोटं, खाली खांदे, कडेला तसूभरही जास्त नाही. साऱ्या जगात ती लेन्स एकाच खोलीत चपखल बसत होती. त्या जिन्यावरच्या दुकानात उभं राहून, बायकोचा डबा रिकामा करून, त्याने हीच खोली निवडली होती.

"आता तो जुना दुरुस्त कशाला करायचा? हाच राहू दे," दाजी म्हणाले आणि चिकटपट्टीचा गुंडा पुढे केला. "चकत्या तूच लाव बाबा. मला यातलं काही कळत नाही."

हनुवटीने चकत्या फिरवल्या. एवढे दिवस जे शिकला होता ते सगळं त्यात आलं. मग पट्टी दाताने तोडली, चकतीवर बसवली आणि कडा सुटू नयेत म्हणून नखाने घासली.

"वहिनी, तुम्ही बसा जरा स्टुलावर. एक काढून बघू दे त्याला," म्हणत दाजी गल्ल्यावर गेले.

ती त्या खोलीत पहिल्यांदाच आली होती. तिने पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं, जमिनीत पुरलेल्या पायांकडे पाहिलं. "खिडकीसुद्धा नाही?" ती म्हणाली. मग स्टुलावर बसली. तिने स्टूल जरा पुढे ओढून पाहिलं, ते हललं नाही.

"दार लाव रे, उजेड येतोय!" बाहेरून दाजी.

हनुवटीने दार लावलं, कॅमेऱ्यामागे येऊन वायरीचं बटण हातात घेतलं. तिने त्याचा उतरलेला चेहरा पाहिला. त्याला जरा बरं वाटावं म्हणून तिने डोळा बारीक करून त्या दिवशीसारखंच विचारलं,

"हसू का?"

त्याला म्हणायचं होतं, हस. हस की, तुला कोण अडवतंय. शब्द अगदी ओठांवर होते.

"हनुवटी जरा खाली," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने तोंड मिटलं, खांदे सरळ केले, हनुवटी खाली घेतली. त्याने बटण दाबलं.

"झालं का?" दाजींनी विचारलं. "चला, पुढचा!"